बाबा टीव्हीत आले तो रविवार

‘शून्य के पार’ ही मालिका आज कुणालाही आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर आठवावी अशी ती नव्हतीच. यानाच्या खिडकीबाहेर जे तारे दिसायचे ते काळ्या कापडाला पाडलेली भोकं होती, हे मला त्या वयातही कळत होतं. यान वादळात सापडलं की कॅप्टन रणधीर आणि त्याची माणसं आपणहून डावीकडे-उजवीकडे झुकायची, मागची भिंत मात्र जागेवर असायची. एकदा तर यानाच्या शेपटातून निघालेला धूर आमच्या चुलीच्या धुरासारखा सरळ वर गेला. पुढे मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, आणि अवकाशात वर-खाली असं काही नसतं हे सांगताना दरवेळी मला तो धूर आठवून हसू यायचं. माझा नातू हल्ली मोबाईलवर असल्या परदेशी मालिका बघतो. त्यातले ग्रह इतके खरे दिसतात की मला त्यांत काही गंमत वाटत नाही. आमच्या मालिकेत निम्मं काम आम्हालाच डोक्यात करावं लागे, म्हणून ती आमची होती.

टीव्ही आमच्या घरी नव्हता. सिहोऱ्यात आमच्या आळीत तो एकट्या गुरुजींकडे होता, आणि गुरुजींचं घर आमच्या घराला लागून. रविवारी सकाळी त्यांच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या उघड्या पडवीत, आम्ही पोरं चटया टाकून बसायचो. गुरुजींच्या बाई टीव्हीवरचा विणलेला रुमाल घडी करून मांडीवर ठेवायच्या आणि मालिका संपली की पुन्हा घालायच्या. कॅप्टन रणधीरचं यान बरेच आठवडे एका अनोळखी ग्रहाकडे निघालेलं होतं. दर भागाच्या शेवटी डॉक्टर लीना म्हणायची, ‘कैप्टन, हम पहुँचने ही वाले हैं,’ आणि पाटी यायची. त्या ग्रहाला नाव नव्हतं. माझी मैत्रीण सुशीला आणि मी शाळेत जाता-येता त्याला नावं ठेवायचो, म्हणजे खरीखुरी नावं. तिला ‘ज्वालामुखी’ आवडायचं, मला ‘नीलांबर’. यावरून आमची चांगली भांडणं झाली. पोचतील तेव्हा कळेल म्हणून आम्ही वाट पाहत होतो, आणि ते काही पोचत नव्हते.

माझी माय ही मालिका पाहत नसे. मतदार यादीत तिचं नाव सावित्री होतं, पण गावात तिला त्या नावानं कुणीच ओळखत नव्हतं. सगळ्यांसाठी ती सायत्रा. दिवसभर धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, वाकायचं आणि घरी आली की सूप घ्यायचं. ती तांदूळ पाखडायला बसली की सुपाचा एक ठेका लागायचा आणि त्या ठेक्यावर बाबा खाटेवर बसून संवाद म्हणायचे. माझे बाबा दंडारीतले होते. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, आणि मंडई म्हटली की दंडार आलीच: गाणी, सोंगं, नाटक, सगळं एकात. बाबांच्या वाट्याला कायम राक्षस यायचा. उंची दाराला लागेल एवढी, आणि आवाज असा की ते तळ्याकाठच्या बांधीतून ओरडले तर घरी माय चुलीवर भात ठेवायची. मुळात अतिशय मवाळ माणूस. कोंबडी कापायची झाली तरी शेजाऱ्याला बोलवायचे. पण तोंडाला रंग लागला की लहान मुलं रडायला लागायची, आणि बाबांना त्याचा फार अभिमान होता.

दंडारीचं आमच्याकडे कुणाला वावडं नव्हतं, एक शामरावमामा सोडला तर. मामा मायचा मोठा भाऊ, नाकाडोंगरीला राहायचा आणि जवळच्या मँगनीजच्या खदानीत नोकरीला होता. खदानीच्या भोंग्यावर उठायचा, भोंग्यावर जेवायचा. मनानं वाईट मुळीच नव्हता. येताना कधी रिकाम्या हातानं आला नाही, आणि आम्हा भावंडांना खांद्यावर बसवून त्यानंच अख्खा बाजार दाखवला. पण आपल्या बहिणीचा नवरा तोंडाला काळं फासून गावोगाव नाचतो, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. त्यानं साहेबाला सांगून बाबांसाठी खदानीत चौकीदाराची जागा पाहून ठेवली होती. जागेबरोबर राहायला खोली मिळणार होती. म्हणजे शेती दुसऱ्याला कसायला द्यायची, आणि आम्ही सगळ्यांनी बिऱ्हाड उचलून खदानीवर जायचं. बाबा ‘हो’ म्हणत नव्हते आणि ‘नाही’ म्हणायची त्यांची हिंमत नव्हती. मामा समोर असला की त्यांचा तो बांधी ओलांडणारा आवाज कुठे जायचा कोण जाणे.

त्या वर्षी मंडईत नागपूरचा कुणी नाटकवाला आला होता. त्यानं बाबांचा राक्षस पाहिला आणि सकाळी घरी येऊन चहा घेता घेता सांगितलं की मुंबईत एका मालिकेसाठी धिप्पाड माणसं हवी आहेत, माझ्याबरोबर चला. कोणती मालिका, तर ‘शून्य के पार’. मी पाणी आणायला निघाले होते, ती घागरीसकट तिथेच उभी राहिले. मळणीचा चुरणा आटोपला, धान कोठीत पडलं, आणि बाबा धोतर सोडून विजार घालून मुंबईला गेले. ते गेल्यावर घरातला आवाजच गेला. सूप वाजायचं, पण त्यावर बोलायला कुणी नव्हतं. माय पाखडता पाखडता मध्येच थांबायची आणि मग पुन्हा सुरू करायची.

गावाला मात्र विषय मिळाला. विहिरीवर, चक्कीवर, सगळीकडे मायला विचारायचे, ‘काहून वं सायत्रा, मालक टीव्हीत घुसले म्हणे? निघतीन का नाही बाहेर?’ माय हसून म्हणायची, ‘निघतीन ना. काम झालं का निघतीन.’ घरी आली की घागर जरा जोरात आपटायची. होळी होऊन मोहफुलं गळायला लागली तेव्हा बाबा परतले. अंगानं वाळले होते, आणि कानांच्या पाळ्यांमागे, नखांच्या कडेला रुपेरी रंग बसला होता. मायनं राखेनं घासला, रॉकेल लावलं, तरी तो काही निघेना. मामा भेटायला आला तेव्हा त्यानं पहिलं पाहिलं ते बाबांचे कान. बराच वेळ पाहिलं आणि मग आम्हा पोरांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात मायला म्हणाला, ‘सायत्रा, हे टीव्हीचं काम नोहोय. जवाई बंबईले पत्र्याच्या कारखान्यात रंग मारून राहिले होते. मी सांगतो तुले. लाज वाटते म्हणून बोलत नाहीत.’

मायला इतका राग आलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. ती म्हणाली, ‘टीव्हीत दाखवतीन तवा पाय. मंग बोल.’ मामा म्हणाला, ‘ठीक हाय. माया डोळ्यानं जवाई मले दिसले, त जिंदगीत दंडारीचं नाव काढणार नाही. नाही दिसले, त पोळा झाला का सारे खदानीवर. मंजूर?’ माय म्हणाली, ‘मंजूर.’ बाबा तिथेच खाटेवर बसले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि त्यांनीही मधे तोंड घातलं नाही. आमच्या घरातले मोठे निर्णय असेच व्हायचे.

मामा गेल्यावर मी बाबांना धरलं. तुमचं काम काय, तुम्ही यानात आहात का, कॅप्टन रणधीर कसा बोलतो, ग्रहाचं नाव काय? बाबा म्हणाले, ‘मी राजा हावो. ते ज्या ग्रहावर उतरतेत ना, तिथचा राजा. डोक्यावर टोप हाय एवढा मोठा. पन शेवटी टोप काढतो मी. तोंड दिसते. कॅमेरा असा जवळ आणला होता का मले शिंक आली.’ ग्रहाचं नाव मात्र त्यांनी सांगितलं नाही. ‘पाय ना तू, दिसनच,’ म्हणाले आणि गोठ्याकडे गेले. मला वाटलं, विसरले असतील.

मग उन्हाळा गेला, पाऊस आला, रोवणा आला. धानाचे परे, म्हणजे रोपं, उपटायचे, पेंड्या बांधायच्या, गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून ते लावायचे, आणि रविवारी सकाळी मात्र मी काहीतरी कारण काढून गुरुजींच्या सपरीत. यान अजूनही पोचलेलं नव्हतं. मला धडकी भरायला लागली की पोळा आधी येतोय की ग्रह. शेवटी रोवणा संपला त्या आठवड्यात डॉक्टर लीनानं खिडकीबाहेर पाहून किंकाळी फोडली आणि पाटी आली: पुढच्या रविवारी, ग्रहावर पहिलं पाऊल. मी चिखलातून धावत घरी गेले. मायनं त्याच दिवशी नाकाडोंगरीला निरोप धाडला.

तो रविवार आमच्या घरी सणासारखा उजाडला. मायनं ठरवलं होतं की टीव्ही आमच्याच सपरीत लागेल, लोकांच्या ओट्यावर बसून नाही. गुरुजी लगेच तयार झाले. दोघांनी टीव्ही उचलला, आणि मागून गुरुजींच्या बाई रुमाल हातात घेऊन अशा चालत आल्या की जणू लेक सासरी निघाली आहे. अँटेनाची तार भिंतीवरून ओढून घेतली. उजेडात चित्र दिसेना म्हणून सपरीच्या तोंडाला पोती आणि मायचं जुनं लुगडं टांगलं. बाहेर रिमझिम, आत अंधार, आणि स्वयंपाकघरातून बरबटीच्या म्हणजे चवळीच्या वड्यांचा वास. मायनं लाखोरीची डाळ शिजवली होती, त्यावर भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि भात आमच्या बांधीतल्या चिन्नोरचा, शिजला की चार घरांना कळेल असा. मामा सायकलवरून भिजत आला. हातात जिलेबीचा पुडा आणि डोळ्यांवर चष्मा. चष्मा तो फक्त पगाराच्या दिवशी लावायचा. मायनं त्याला सगळ्यांत पुढे, टीव्हीच्या अगदी समोर, पाटावर बसवलं. ‘मंग म्हणजो नोको का दिसलं नाही,’ ती म्हणाली. मामा म्हणाला, ‘म्हणून त चष्मा आणला ना.’ आळीतली माणसं दाटीवाटीनं बसली. बाबा धुतलेलं धोतर नेसून खांबाला टेकून उभे होते, कोणी जागा दिली तरी बसत नव्हते.

इतक्या वर्षांनी सांगते, त्या भागाइतका निराश करणारा भाग मी आजतागायत पाहिलेला नाही. ज्या ग्रहासाठी आम्ही इतके रविवार खर्च केले, तो एक गिट्टीची खाण होता. मागे डोंगर कापलेला, पुढे मुरमाचे ढीग, आणि एका ढिगावर चुन्याच्या रेघा. मामा लगेच म्हणाला, ‘हे त आमची खदानच हाय बे,’ आणि निम्मे लोक हसले. ग्रहावर झाड नाही, पाणी नाही, दोन सूर्य असतील असं मी सुशीलेला पैजेवर सांगितलं होतं, तर सूर्यही एकच, आणि तोही ढगाआड. कॅप्टन रणधीर शिडीवरून उतरताना घसरला आणि ते तसंच दाखवलं. सुशीला माझ्या कानाशी म्हणाली, ‘यापेक्षा तुया नीलांबर बरा होता.’ भांडण इतक्या सहज संपेल असं मला वाटलं नव्हतं, पण मला आनंदही झाला नाही.

मग ढिगामागून राजा आला. अंगात रुपेरी झगा आणि डोक्यावर खांद्यापर्यंत येणारा पत्र्याचा टोप, त्याला डोळ्यांच्या जागी दोन लाल काचा. नाक नाही, तोंड नाही, काही नाही. मग मागून कोणीतरी म्हणालं, ‘हा कोण?’ बाबा खांबापासून हळूच बोलले, ‘मी.’ मामानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा टीव्हीकडे पाहिलं आणि चष्मा पुसला. ‘टोपल्याखाली कोणीबी राहू शकते जवाई,’ तो म्हणाला. ‘शेवटी काढतो ना टोप,’ बाबा म्हणाले. माय दारात उभी होती, हातात झारा.

कॅप्टन रणधीर दोन्ही हात वर करून म्हणाला, ‘हम शांति से आए हैं। आप कौन हैं?’ राजानं टोप हलवला. पत्र्याच्या पिंपात तोंड घालून बोलावं तसा घुमणारा आवाज आला: ‘चिन्नोर! लुचई! हिरानक्खी!’ क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. आणि मग सगळी सपरी एकदम फुटली. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसायला लागले. ही आमच्या धानाची नावं होती, दर घरच्या कोठीत भरलेली. डॉक्टर लीना घाबरून म्हणाली, ‘कैप्टन, ये हमें चेतावनी दे रहे हैं!’ राजा पुढे म्हणाला, ‘दुबराज! परे! पेंडी! धुरा!’ आणि एक भाला उचलला. ‘ये युद्ध की भाषा है,’ डॉक्टर लीना म्हणाली. गुरुजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मामाही हसत होता, पोट धरून, चष्मा कपाळावर चढवून. पण हसणं ओसरल्यावर तो म्हणाला, ‘धानाचे नावं त बालाघाटचा माणूसबी घेईन. आवाज मशीनचा हाय. मी डोळ्यानं म्हणलो होतो.’

आता कॅप्टन रणधीरनं छातीवर हात ठेवून सांगितलं, ‘मैं, पृथ्वी।’ आणि राजाकडे बोट केलं. ‘आपका ग्रह? नाम?’ मी पुढे सरकले. मालिका कितीही रद्दड झाली तरी मला ते नाव हवंच होतं. राजानं भाला खाली ठेवला, रुपेरी हात छातीवर ठेवला, आणि तो पिंपातला आवाज एकदम खाली आला. ‘सायत्रा,’ तो म्हणाला.

आमच्याकडे त्या काळी नवरा बायकोचं नाव घेत नसे आणि बायको नवऱ्याचं. लग्नात उखाण्यात गुंफून घेतलं तेवढंच, नंतर जन्मभर नाही. बाबा मायला ‘मंदाची माय’ म्हणायचे, म्हणजे माझं नाव लावून, आणि फार घाई असली तर नुसतं ‘अवो’. मतदानाच्या दिवशी साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं की माय मला पुढे ढकलायची आणि मी सांगायचे, डोमाजी. हे नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं असं म्हाताऱ्या बायका म्हणत. कुणाचा त्यावर विश्वास असो-नसो, धजत कोणीच नसे. त्यामुळे टीव्हीतून ते नाव आलं तेव्हा आधी कोणी हसलंच नाही. सगळ्यांची डोकी एकाच वेळी दाराकडे वळली. मायनं पदर तोंडावर ओढला होता. पदराबाहेर फक्त झारा दिसत होता, आणि त्यातून तेल टपकत होतं.

पुढे मात्र कहर झाला. कॅप्टन रणधीरला ते नाव फारच आवडलं असावं. तो यानाशी बोलायला लागला, ‘हम सायत्रा पर हैं। सायत्रा बहुत सुंदर है।’ मागून कोणीतरी ओरडलं, ‘खरं हाय बाप्पा!’ डॉक्टर लीनानं एक डबी जमिनीला लावली आणि म्हणाली, ‘कैप्टन, सायत्रा का तापमान बढ़ रहा है!’ आळीतल्या बायका हसून रडायला लागल्या. ‘सायत्रा काँप रही है! सायत्रा किसी भी पल फट सकती है!’ गुरुजींच्या बाईंनी तो विणलेला रुमालच तोंडात कोंबला. खांबाजवळ बाबा इतके अंग चोरून उभे होते की तेवढा मोठा माणूस खांबाआड जवळजवळ मावला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते म्हणाले, ‘आता पाय. आता टोप काढतो.’

टोप निघाला नाही. मुरमाचा ढीग हलला, सगळे यानाकडे पळाले, शिडी वर गेली, आणि पडद्यावर पाटी आली. मग लगेच साबणाची जाहिरात. बाबा बराच वेळ त्या जाहिरातीकडे पाहत राहिले, त्यातून तरी आपलं तोंड येईल म्हणून. ‘काढला होता मी,’ ते म्हणाले. ‘शपथ. शिंक आली होती. कापलं वाटते त्याईनं.’ लोक हळूहळू उठले, मायची थट्टा करत, पोती वर करून पावसात गेले. बाहेरून अजून ऐकू येत होतं, ‘सायत्रा बहुत सुंदर है,’ आणि त्यावर हशा. सपरीत उजेड आला. गुरुजींनी टीव्ही बंद केला, तो न्यायला माणूस आणतो म्हणून सांगितलं आणि तेही गेले.

मी रडत होते. ग्रहासाठी की बाबांसाठी, मलाही सांगता आलं नसतं. पोळा तोंडावर आला होता. खदानीवरची ती खोली मी एकदा पाहिली होती, तिच्या खिडकीतून धान दिसत नव्हतं. मामा पाटावर तसाच बसलेला होता. त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. ‘मंग जवाई,’ तो म्हणाला, ‘ठरल्यापरमानं.’ त्याच्या बोलण्यात जिंकल्याचा तोरा नव्हता, उलट त्यालाच ते जड जात होतं. पण शब्द म्हणजे शब्द, असा तो माणूस. बाबांनी मान हलवली. ‘हो भाऊ. पोळा झाला का येतो.’ त्यांचा आवाज मला दोन हातांवरही नीट ऐकू आला नाही.

मामा उठायला गेला, पुन्हा बसला. ‘पन जवाई, एक सांगा. धानाचे नावं मी समजलो. थे नाव कायले घेतलं? साऱ्या लोकाईसमोर?’

बाबा खाली पाहत नखावरचा रंग खरवडत होते. ‘मी कायले घेऊ भाऊ? त्याईनं काही लिहूनच देल्लं नोहोतं. म्हणे काहीबी बोला, लोकाईले समजलं नाही पायजे. त धान सांगतलं. मंग म्हणे, तुमी कोठचे हा ते सांगा, जलदी सांगा, ऊन जाऊन राहिलं. मले त्या दिवशी लय घरी याचं होतं भाऊ. तोंडातून थेच निघालं.’

स्वयंपाकघरात तेलाचा चुरचुर आवाज चालू होता, तो थांबला. माय दारात आली. पदर खांद्यावर होता, तोंड उघडं, आणि कपाळावर घामानं पीठ चिकटलेलं. तिनं बाबांकडे पाहिलं नाही, सरळ मामाकडे पाहिलं.

‘दादा,’ ती म्हणाली, ‘डोमाजी खदानीत नाही जात.’

मामा पाटावरून अर्धा उठला. ‘काय म्हणली तू?’

‘डोमाजी म्हणली. डोमाजी दंडारीत जातीन, मले पटते. तुले काय म्हणाचं थे मले म्हण.’

मला आठवतं, मी रडायचं थांबले होते. बाबांनी मान वर केली होती आणि त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं. आपलं नाव पहिल्यांदा ऐकावं तसे ते मायकडे पाहत होते. आज दोघंही नाहीत. पण त्यांचे चेहरे आठवायला बसले की मला लग्नातला फोटो आठवत नाही, हा चेहरा आठवतो. पुढे बाबांनी म्हातारपणापर्यंत दंडार केली, आणि मुंबईला काही ते पुन्हा गेले नाहीत.

‘सायत्रा,’ मामा हळू आवाजात म्हणाला, ‘तू नाव घेतलं, बाई.’

‘याईनं साऱ्या हिंदुस्तानासमोर घेतलं,’ माय म्हणाली. ‘मी त फक्त तुयासमोर घेतलं.’

मामा बहिणीकडे पाहत राहिला, मग बाबांकडे, मग त्या बंद टीव्हीकडे. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की धूर गेला होता, कोण जाणे. शेवटी टीव्हीसमोरचा आपला पाट त्यानं स्वतः उचलला, बाबांच्या पायाशी नेऊन ठेवला, आणि आपण खाली जमिनीवर बसला.

‘वाढ,’ तो म्हणाला. ‘जवाईले पहिले वाढ.’